करंजीचा पंख

विमान धावपट्टीवर अलगद उतरलं आणि टाळ्या धनंजयला मिळाल्या. त्यानेही त्या घेतल्या. रिमोट गळ्यात, गॉगल कपाळावर, अशा थाटात तो क्लबच्या मंडपाकडे आला, तेव्हा त्याची बायको रुपाली खुर्चीत बसून विमानाच्या डाव्या पंखाकडे बघत होती. वळताना पंखाचं टोक जरासं थरथरलं होतं. ते तिच्याशिवाय कुणाला दिसलं नाही, कारण तो पंख तिने आखला होता.

क्लबात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुबईजवळच्या अजमानमधल्या फ्लॅटमध्ये, धनंजय ऑफिसला गेला की ती कॉम्प्युटरवर विमानं आखायची. सांगलीचा मेकॅनिकलचा डिप्लोमा, डिझाइनची चार वर्षं नोकरी, आणि इथे आल्यापासून सात वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर गृहिणी. शनिवारी धनंजय विमान उडवायचा आणि कुणी विचारलं की म्हणायचा, “करतो आपलं फावल्या वेळात.” आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण या नागोबाच्या मनात खोट नव्हती. बायकोचं ते आपलं, इतकं साधं होतं त्याचं.

आज मात्र घरून निघतानाच रुपालीने त्याला विचारलं होतं, “अहो, आज माझं नाव सांगाल ना?” रास अल खैमाहून तहसीन परकार येणार होते. त्यांच्या कंपनीला मॉडेल विमानांचे किट बाजारात आणायचे होते आणि ते आखायला कायमचा माणूस हवा होता. धनंजय गाडीची किल्ली शोधत म्हणाला होता, “इन्शाल्ला.”

परकार मूळचे श्रीवर्धनचे. त्यांनी विमान हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

“मस्त उडतं, धनंजयभाई. पण मला पंख दहा सेंटिमीटर मोठा पाहिजे. फाइल आहे ना? इधरच करून दाखवा.”

धनंजयने लॅपटॉप उघडला आणि एक आकडा बदलला. पडद्यावर डावीकडे, आखताना केलेल्या एकेका पायरीची यादी असते, ती वरपासून खालपर्यंत लाल झाली आणि विमानाचा एक पंख नाहीसा झाला. त्याने आकडा पुन्हा बदलला. दुसराही पंख गेला.

“रुपाली, जरा बघ गं. हँग झालंय वाटतं.”

हँग काही झालं नव्हतं. लांबी शेवटच्या पायरीत बदलून चालत नाही, मुळाशी जावं लागतं. ती मुळाशी गेली आणि तिथून एकेक पायरी दुरुस्त करत खाली आली. पाच मिनिटांत दोन्ही पंख परत आले, दहा सेंटिमीटर मोठे होऊन. हात चालूच होता म्हणून तिने टोकाला थोडा पीळही वाढवला. आता ते वळताना थरथरलं नसतं.

परकार तिच्या मागे उभे राहून यादी वाचत होते. इंग्रजी अक्षरांत तिथे नावं लिहिली होती, रुपालीनेच दिलेली. खाली सपाट आणि वर फुगीर असा पंखाचा छेद, त्याचं नाव करंजी. पंखातली लांब दांडी म्हणजे शेवगा. मोटर बसते ती नळी सोऱ्या.

“करंजी,” परकार मोठ्याने म्हणाले आणि हसले. “ही नावं धनंजयभाईंची नाहीत. वहिनी, सगळं डिझाइन तुमचं आहे?”

रुपालीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. “हो,” ती म्हणाली. “पहिल्या रेघेपासून.”

एवढंसं बोलायला तिला सात वर्षं लागली होती. तिला एकदम हलकं वाटलं. आता पुढचं विचारतील म्हणून ती थांबली. आधी कुठे काम केलंत, कधीपासून येऊ शकाल. उत्तरं तिने आंघोळ करताना, भाजी चिरताना पाठ करून ठेवली होती.

परकारांनी तिच्याकडे पाहून आदराने मान हलवली आणि धनंजयच्या खांद्यावर हात ठेवला.

“मग तर प्रॉब्लेमच खलास. मी विचार करत होतो, तुम्ही ऑफिस सांभाळून हे कसं जमवणार. पार्ट टाइमची ऑफर तुमच्या नावाने काढतो. काम वहिनी घरी करतील. व्हिसा त्यांना तुमचा आहेच, मला वेगळा काढायला नको.”

“मी माझ्या नावाने काम करीन,” रुपाली म्हणाली. “ऑफिसला येऊन.”

“रोज अजमानहून रास अल खैमा? कशाला त्रास, वहिनी?” परकारांना खरंच काळजी वाटत होती. “एका घरात नाव कुणाचं का असेना. काय, धनंजयभाई?”

धनंजयने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा परकारांकडे.

“तेही खरंच,” तो म्हणाला.

रागाने रुपालीच्या मस्तकात तिडीक गेली. तिने फाइल बंद करायला घेतली. केलेले बदल ठेवायचे का, असं कॉम्प्युटरने विचारलं. तिने ‘नाही’ दाबलं. दहा सेंटिमीटर गेले, टोकाचा पीळही गेला. लॅपटॉप उचलून तिने धनंजयच्या हातात दिला.

“घ्या. करा मोठा पंख.”

परकार विमानाचं चाक फिरवून पाहू लागले. धनंजय रागावला नाही. त्याने लॅपटॉप मिटून काखेत धरला आणि रुसलेल्या पोराची समजूत काढावी तशा मऊ आवाजात म्हणाला,

“बरं, घरी गेल्यावर कर.”