माफीची रीत

"एकदा डोक्याचा गोटा करून स्टेशनसमोर उभे राहा, सेन्सेई. लोक माफ करतात," ओगावा-सान म्हणाले.

"पण मी काही केलेलंच नाही," चंद्रहास म्हणाला. हे वाक्य बोलून बोलून त्याचा जीव विटला होता.

भूकंपानंतर बरोबरीचे इंजिनिअर पुण्याला परतले, चंद्रहास जपानमध्ये, ग्योतोकुतच राहिला. पुढे त्यानं इथलं नागरिकत्व घेतलं आणि चिबाच्या प्रांतिक विधानसभेवर दोनदा निवडूनही आला. आता तिसऱ्या निवडणुकीत विरोधकांनी उठवलं होतं, की हा अभ्यासदौऱ्याच्या नावाखाली घरचं लग्न जेवून आला. खरं तर पुण्यात असूनही तो लग्नाकडे फिरकला नव्हता. नातेवाईक अजून त्या रागात होते. म्हणजे तिथेही बदनाम आणि इथेही.

ओगावा-सान त्याचा प्रचार सांभाळत आणि इथे पुढाऱ्यांना म्हणतात तसं त्याला 'सेन्सेई' म्हणत. इकडची रीत त्यांना पाठ होती. पुढाऱ्यानं केस काढायचे, कंबरेतून वाकायचं, की विषय मिटला.

संध्याकाळी पुण्याहून वडिलांचा, अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. सगळं ऐकून अण्णा म्हणाले, "जे केलं नाहीस त्याची माफी मागायची नाही. पडलास तरी चालेल. शब्द दे."

"दिला, अण्णा."

दुसऱ्या दिवशी त्यानं ओगावा-सानना हे सांगून टाकलं.

मग रोज सकाळी चंद्रहास आणि त्याची बायको विभा स्टेशनसमोर उभी राहत. लोक मान वळवून पुढे जात. चंद्रहासला आता हसण्याचाही कंटाळा आला होता. पडलो तर निदान झोप तरी मिळेल, असं तो विभाला म्हणायचा.

मतदान तोंडावर आलं आणि एका सकाळी तो तुळतुळीत डोक्यानं स्टेशनसमोर येऊन उभा राहिला. ओगावा-साननी लगबगीनं माइक पुढे केला. त्यानं हातानंच नको म्हटलं. नुसता वाकला, तो बराच वेळ वर आलाच नाही. शेजारी विभाही वाकली. तिचे डोळे सुजले होते.

गर्दी थबकली. कुणीतरी उलट वाकलं. फुलंवाल्या आजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. इतका मनापासून शरमलेला पुढारी लोकांनी क्वचितच पाहिला असेल. दुपारपर्यंत त्याचा फोटो घरोघर पोचला.

तो निवडून आला. कार्यालयात सगळे 'बांझाई' ओरडत होते, चंद्रहास मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होता. त्यानं पेढाही घेतला नाही.

ओगावा-सान जवळ आले. "मी म्हटलं नव्हतं? माफी मागितलीत, लोकांनी केलं माफ. आता वडिलांना फोन लावा. शब्द मोडला म्हणून रागावतील थोडे, पण निवडून आलेल्या मुलावर किती दिवस रागावणार?"

"शब्द मोडला नाही," चंद्रहास म्हणाला. "आमच्यात वडील गेले की मुलगा केस काढतो."