उजव्या डोळ्यातला ठिपका

वडील गेल्यापासून आयलाच्या उजव्या डोळ्यापुढे एक ठिपका तरंगायचा. नीट बघायला गेलं की निसटायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, "एखाद्या ठिपक्याची सवय होते. पण ठिपके अचानक वाढले, किंवा डोळ्यात वीज चमकली, तर त्याच दिवशी या."

आज गोठलेल्या तळ्यावर मासे धरताना तिच्या डोळ्यात वीज चमकली.

"चल, बाई! डोळा घालवशील!" नवरा रेइनो गाडीकडे धावत ओरडला.

"थांब रे! आज तो निसटत नाहीये. बाबाच आहेत, कानटोपीसकट!" आयलानं आनंदानं तळ्याच्या पलीकडे बोट दाखवलं.

"उजवा डोळा झाक, म्हणजे जातील तुझे बाबा!"

तिनं झाकला. बाबा तसेच येत होते, पुढचा बर्फ पेलेल का ते पहारीनं ठोकून पाहत.

रेइनो जागीच थांबला. ठकठक त्यालाही ऐकू येत होती.