पक्की की अंदाजे

दीपाने दुसऱ्यांदा ‘पक्की’वर टिचकी मारली, सेव्ह केलं आणि पान पुन्हा उघडून बघितलं. पक्की. चहा पिऊन परत आली तर पुन्हा ‘अंदाजे’!

“मेल्या, तुझं मी काय घोडं मारलंय?” ती लॅपटॉपवर खेकसली.

साखरा गावाजवळच्या बंजारा तांड्यावर, घराच्या ओसरीत बसून ती पुण्याच्या एका कंपनीसाठी आरोग्याच्या नोंदींची वेबसाइट बनवत होती, पायथन भाषेतल्या जँगो नावाच्या तयार साच्यात. जँगोत तारखेचा रकाना तयार मिळतो, पण तो तांड्याच्या काय कामाचा? इथं शाळेत नाव घालताना मास्तरांनी जन्मतारीख म्हणून सरसकट एक जून लावून दिलेला. म्हणून दीपाने स्वतःचा रकाना घडवला. त्यात तारीख आणि तिच्यासोबत एक शिक्का, पक्की किंवा अंदाजे. डेटाबेसात जाताना दोन्हींची गाठ बांधायची, परत येताना सोडायची.

दोनशे अकरा माणसांच्या गाठी बराबर सुटत होत्या. दोनशे बारावी दीपाची स्वतःची, आणि तीच फिरत होती.

पाच वाजता कंपनीच्या करुणा मॅडमना दाखवायचं होतं. चाललं तर इथूनच कायमचं काम, नाही तर बाडबिस्तरा उचलून पुणे. आणि याडीला सोडून राहायचं दीपाला मुळीच नको होतं.

याडी म्हणजे तिची आई रूपाबाई, तांड्याची आशाताई. समोरच उंबऱ्यावर बसून मोबाइलवर यादी तपासत होती. चाचणीसाठी दीपाने तिलाच धरलं होतं, सगळ्या नोंदी तिनेच भरलेल्या. बाई मोठी खमकी. चुलत दीर रामप्रसाद साठीचा असून पन्नास सांगायला लागला, तर त्याला चारचौघांत म्हणाली, “दवाखान्याच्या कागदावर खोटं चालत न्हाई. माहीत न्हाई तिथं अंदाजे म्हणायचं.”

“काहून डोकं धरून बसली गं?” मोहनसिंगनं लेकीला विचारलं.

“बापू, अख्ख्या तांड्यात माझी एकटीची तारीख पक्की. चौदा डिसेंबर. अन् तीच टिकून न्हाई राहिली!”

या तारखेची दीपाला लहानपणापासून भारी मिजास. बाकीची पोरं एक जूनवाली, आणि हिच्यासाठी दर चौदा डिसेंबरला याडी लापशी करायची. मोहनसिंगनं रूपाबाईकडे एकदा बघितलं आणि शेळ्यांना पाला टाकायला उठला.

दीपाने कोडच्या ओळीओळीवर पहारे बसवले, जुना साठा पुसला, गाठ सोडणारा भाग पहिल्यापासून लिहिला. चाचणीत सगळं ठीक. मग घटकाभरानं बघावं तर पुन्हा अंदाजे. साडेचार वाजले आणि तिला रडू यायला लागलं.

मग एकदम ट्यूब पेटली. रकाना आपोआप फिरत नसेल, कुणी फिरवत असेल तर? तिने बदलांची नोंद उघडली. लॉगिन दोनच होते. ‘अंदाजे’ केल्याच्या वेळा सकाळी अकरा, दुपारी दीड, सव्वातीन. तिन्ही वेळा नाव एकच, रूपाबाई.

दीपा आधी बघतच राहिली, मग खळखळून हसली. रकाना शाबूत होता! पुणं टळलं! धावत जाऊन तिने याडीच्या गळ्यात हात टाकले.

“याडी, तू व्हय ती! सकाळपासून जीव खाल्लास की माझा! मोबाइलवर माझीच तारीख काहून बदलून राहिली? लापशी तूच करतीस ना? मग चौदा डिसेंबर पक्की न्हाई का?”

रूपाबाईनं मोबाइल खाली ठेवला. लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“तारीख पक्कीच हाय, बाई. त्या दिवशी तू मला सापडलीस. चार दात आले होते तुला तवा.”