खवट

"हा तिचा वास नाही," म्हणत आईनं हात ओढून घेतला आणि पांघरुणात लपवला.

धाकटीनं तेलाची वाटी खाली ठेवली. सकाळपासूनची ही तिसरी वाटी.

ताई जाऊन एकवीस दिवस झाले होते आणि तेवढ्या दिवसांत आईनं कुणाला अंगाला हात लावू दिला नव्हता. टाचा आणि कोपरं उलायला लागली होती. "तेल लागलं नाही तर आठवड्यात जखमा होतील, आणि या वयात त्या भरून येत नाहीत," असं नर्सबाई काल दारातूनच बजावून गेल्या. त्यांचं काय जातंय बजावायला! आईला दिसायचं ते सावलीपुरतं, ऐकू यायचं ते निम्मं. माणूस ती वासावरून ओळखायची, आणि नाक मात्र मेलं अजून शाबूत होतं.

ताई मागच्या खोलीत अंगाला लावायची तेलं बनवून विकायची. तिच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. 'आईसाठी – बदाम तेल शंभर मिली, लव्हेंडर बारा थेंब, जिरेनियम आठ.' धाकटीनं थेंब मोजून घातले होते. वास कमी पडत असेल म्हणून मग दुप्पट घातले. काल तर कहरच केला. लव्हेंडरचा अर्क तेलात न मिसळता तसाच झोपलेल्या आईच्या मनगटावर चोळला. तिथे अजून लाल चट्टा होता.

ताई असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. "अर्क काय, पाहुणा. एकट्याला घरात घेतलंत तर भाजून काढेल आणि घटकाभरात उठून जाईल. राहतं ते तेल," असं ती येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायची. ऐकून ऐकून धाकटीला ते तोंडपाठ झालं होतं, म्हणूनच तिनं त्याकडे कधी लक्ष दिलं नाही.

ती बदाम तेलाची नवी बाटली आणायला मागच्या खोलीत गेली. कपाटाच्या तळाशी, नव्या बाटल्यांच्या मागे, एक चिकट, मळकी बाटली होती. तिच्यावर ताईच्या तिरप्या अक्षरात चिठ्ठी होती. 'जुनं. विकायचं नाही. मला.'

धाकटीनं झाकण काढलं आणि झटकन मागे वळून पाहिलं.

मागे कुणी नव्हतं. ताईची खुर्ची रिकामी होती, खुर्चीच्या पाठीवर तिचा एप्रन होता. पण ताई आत आल्यावर खोलीत जो वास भरायचा, तो भरला होता. खवट, जुन्या शेंगदाण्यांसारखा. मुदत संपलेलं तेल गिऱ्हाइकाला द्यायचं नाही आणि फेकायला तर जीव होत नाही, म्हणून ताई ते स्वतःच्या हाताला, मानेला चोळून संपवायची. वर्षानुवर्षं. तिच्या कॉलरींना, उशीच्या अभ्र्यांना हाच वास यायचा. "शी! बंद डबा उघडल्यासारखी येतेस तू," म्हणून धाकटीनं एकदा आपली गादी उचलून दुसऱ्या खोलीत नेली होती. जन्मभर लव्हेंडर विकणाऱ्या बाईचा खरा वास हा होता.

उललेल्या कातडीला असलं तेल लावायचं नाही, एवढं तिला कळत होतं. तिनं आईसाठी नवं तेल वाटीत घेतलं, थेंब वहीप्रमाणे घातले. आणि जुन्या बाटलीतलं तेल तळहातावर ओतून स्वतःच्या मानेला, दंडांना, कोपरांपर्यंत चोळलं. हात तिचेच होते, तरी मानेवरून दुसऱ्याच कुणाचा हात फिरल्यासारखं झालं. तिला भीती वाटली. हा हात थांबू नये असंही वाटलं.

तळहात धुऊन, वाटी घेऊन ती पलंगाशी येऊन उभी राहिली.

आईच्या नाकपुड्या हलल्या. पांघरुणातून हात आपणहून बाहेर आला.

"आलीस? किती गं वाट पाहायला लावायची!"

धाकटीनं हात हातात घेतला. तेल कातडीत असं मुरत होतं की जणू याआधी तिथे तेल कधी पोचलंच नव्हतं. एक हात झाला, दुसरा झाला, टाचा झाल्या. आईनं डोळे मिटून घेतले होते. एकवीस दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल पडले होते.

"धाकटीचं कळलं का तुला?" आई म्हणाली.

धाकटीचा हात थांबला.

"गेली ती. मला कुणी धड सांगतही नाही. पण घरातलं एक माणूस कमी झालेलं मला कळत नाही होय?"

बाहेर कुणीतरी जिना उतरत होतं. पावलं खालपर्यंत जाऊन बंद झाली.

"कळलं, आई," धाकटी म्हणाली.

"हात मऊ होता गं तिचा. तुझ्यापेक्षाही मऊ. तिला तसं कधी म्हटलं नाही मी." आईनं चाचपडत समोरचा गाल शोधला. "रड थोडी. सख्खी बहीण होती तुझी."

धाकटी रडली. आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली, आणि तशीच झोपी गेली.

मग धाकटी मागच्या खोलीत गेली. तिनं जुनी बाटली उजेडात धरून पाहिली. तळाशी दोन बोटं तेल उरलं होतं. फार तर आठवडाभर पुरलं असतं. तिनं कपाटातून बदाम तेलाची कोरी बाटली काढली, तिचं झाकण काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि उघडी बाटली खिडकीत, भर उन्हात ठेवली.