आईच्या घागऱ्यातला लाल

"आता लाल दे," म्हणत मोंघीबानं हात पुढं केला.

झमकूनं तिच्या तळव्यावर चिंधी ठेवली. "हा घ्या. आईच्या घागऱ्यातला आहे."

मोंघीबानं चिंधी बोटांत चोळली, घडीवर घडी घातली, कात्रीनं कोपरे उडवले. उलगडली तेव्हा हातात पाकळ्यांचं फूल होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून तिला सगळं जग दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. पण कापड दुमडून फुलं कापायला तिच्या बोटांना डोळे लागत नव्हते. रंग तेवढा कुणीतरी सांगावा लागायचा.

होळी झाली आणि ही पोर परसदारानं आली. भर दुपारी, सगळं गाव शेतात असताना. खालच्या आळीतली झमकू म्हणाली, आखातीजेला, अक्षय्य तृतीयेला, लग्न आहे, तोरण शिवायला शिकवा. नवरीनं आपल्या हातचं तोरण सासरच्या दाराला बांधायचं, ही रीतच. कुणाला सांगू नका, एवढं मात्र तिनं दोनदा म्हटलं.

मोंघीबाला कारण समजलं. "मी रांडकी बाई, पोरी. माझा हात शुभाला चालत नाही."

"मला चालतो," झमकू म्हणाली आणि बसली.

तेव्हापासून ती रोज येत होती. साखरेच्या पोत्याचं कापड धुऊन त्याचं अस्तर केलं, खाली कापडी पानांची झालर धरली. घरातल्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या झमकू पदराखाली लपवून आणायची. फुलं मोंघीबा कापायची, टाके झमकू घालायची.

"सगळ्या चिंध्या एकाच कापडाच्या लागतात गं हाताला," मोंघीबा एकदा म्हणाली.

"धुऊन धुऊन सारख्या झाल्यात, बा."

मोंघीबाला चेष्टा सुचायची. नाव झमकू आणि हातात एक बांगडी वाजत नाही, असं नाव ठेवलं तरी कुणी? झमकू म्हणायची, काचेच्या आहेत, कामात फुटतात. नवरदेव काळा की गोरा, असं विचारलं की ती गप्प व्हायची. लाजरी आहे, म्हणत मोंघीबा आपणच हसायची आणि गुणगुणायची,

तोरण बांधा दारी, वाऱ्याला द्या गं वाट,
लाल पावलांनी आली, घर उजळे काठोकाठ.

झमकूनं कधी सूर धरला नाही. एकदा तोरण हातात घेताना कापड ओलसर लागलं, तेव्हा मोंघीबा रागावली होती. घामेजल्या हातांनी शिवलं की रंग फुटतात म्हणून.

एका दुपारी बोलण्याच्या ओघात तिच्या तोंडून जुनं निघून गेलं. म्हातारा गेला तेव्हा ती वर्षभर अंधाऱ्या कोपऱ्यात बसली होती, सगळ्याच विधवा बसतात तशी. उंबरा ओलांडायचा नाही, रंगाला शिवायचं नाही. "त्या वर्षात मला भाकरीपेक्षा लाल रंगाची आठवण यायची," ती म्हणाली.

झमकूची सुई थांबली. "मग काय करायचात, बा?"

"डोळे मिटायचे. मिटल्या डोळ्यांना दिसायचा." मग तिनं जीभ चावली. "नवरीसमोर काय बोलते मी! जाऊ दे, हिरवा दे."

ऊन उतरायला लागलं की झमकू निघून जायची. मग घरात माठाचं ठिबकणं तेवढं उरायचं. मुलगा सुरतेला, सून त्याच्या मागोमाग. संध्याकाळी शेजारची कंकू ताकाचा तांब्या ठेवून जायची, तेही उभ्याउभ्या. तोरण झालं की दुपारही संपली, हे मोंघीबाला कळत होतं. म्हणून पोरगी गेली की ती तोरण मांडीवर घ्यायची, बोटांनी शेवटचं पान शोधायची आणि त्याचे टाके उसवून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी झमकू ते पान पुन्हा शिवायची. कसं उसवलं, हे तिनं कधी विचारलं नाही.

पण आखातीज जवळ आली. एका पोरीचं लग्न आपण मांडीवर अडवून धरलंय, असं मोंघीबाला वाटायला लागलं. त्या संध्याकाळी तिनं हात आवरला. दुसऱ्या दुपारी राहिलेलं पान लागलं आणि तोरण पुरं झालं.

"झालं?" झमकूनं विचारलं. काहीतरी हातातून निसटल्यासारखा तिचा आवाज होता.

"झालं. घेऊन जा. सुखानं नांद."

"उद्या नेते, बा. आजची रात्र तुमच्यापाशी असू दे."

संध्याकाळी कंकू ताक घेऊन आली. मोंघीबाला राहवलं नाही. नवरीचा जिन्नस डोळस माणसानं एकदा बघायला हवाच होता. तिनं तोरण पुढं केलं. "बघ गं, रंग कसे बसलेत? लालाशेजारी हिरवा आलाय ना नीट?"

कंकू तोरण दारातल्या उजेडात घेऊन गेली. दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं.

"कुणाचं हे, बा?"

"खालच्या आळीतल्या झमकूचं. आखातीजेला लग्न आहे तिचं."

कंकूनं आवाज उतरवला. "खालच्या आळीत झमकू एकच आहे. रणमलची सून. दिवाळीत नवरा गेला तिचा, तेव्हापासून कोपऱ्यात बसलीय. आणि बा, यात लाल कुठाय? सगळं पांढरं आहे. पांढऱ्यावर पांढरं."

माठ ठिबकत राहिला. मोंघीबानं हात लांब करून तोरण परत घेतलं, मांडीवर पसरलं आणि बोटांनी शेवटचं पान शोधलं.

"तुला रंगातलं काय कळतंय, कंकू," ती म्हणाली आणि सुईच्या टोकानं पहिला टाका उसवला.