पिवळी चिठ्ठी

सैन्याच्या पुनर्रचनेत डोंगरावरच्या चौकीत बारा जणांऐवजी सहाच ठेवायचे ठरत होते. फाइल सहीसाठी माझ्याकडे आली, तसा मी उठून साहेबांकडे गेलो. "सर, सहा जणांच्या जिवावर ही चौकी टिकणार नाही. मी फाइलवर तसं स्पष्ट लिहितो."

साहेबांनी मला बसवलं, स्वतःच्या हातानं चहा ओतला. "अरे, बढती तोंडावर आलीय तुझी, वरच्यांच्या डोळ्यांत कशाला खुपतोस? सही करून टाक. शंका या पिवळ्या चिठ्ठीवर लिही आणि बाजूला चिकटव. वर मी बोलतो. मी आहे ना!"

सख्ख्या मोठ्या भावानं पाठीवर हात ठेवावा, तसं वाटलं. खोटं कशाला बोलू, बढतीही डोळ्यांपुढे होतीच. मी सही केली आणि चिठ्ठी चिकटवली.

वर्षभरात चौकी पडली. सहांपैकी एकच परत आला.

आज चौकशी समितीनं तीच फाइल माझ्यापुढे सरकवली. माझी सही ठसठशीत होती. शेजारी चिठ्ठी नव्हती. तिथं बोट फिरवलं, तर जरासा चिकटपणा लागला.

"सहा जण पुरणार नाहीत, हे मी तेव्हाच सांगितलं होतं," मी म्हणालो.

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. अध्यक्ष आमचे साहेबच होते.



"तुम्हाला एवढं दिसत होतं, तर तेव्हाच फाइलवर का नाही लिहिलंत?"