धुरकट काच

"धोंडू, काच पुसलीस ना रे? सगळं धुरकट दिसतंय," छोट्या विमानात बसलेले कॅप्टन कुरकुरले. थकल्या हाताने मेकॅनिक धोंडूने पुसलेलीच काच पुन्हा पुसली. सलग चौथ्या रविवारी हीच तक्रार. पालिकेच्या शाळांतल्या मुलांना स्वखुशीने फुकट विमानातून फिरवणारे कॅप्टन एकटेच. ते थांबले की सगळंच थांबणार, म्हणून फ्लाइंग क्लबात सगळे काचेलाच दोष देत. काचेला तरी उलट बोलायला तोंड कुठे होतं? शेजारच्या सीटवर मरोळच्या शाळेतली मुलगी पट्टा आवळून बसली होती. सहा महिन्यांनी तिचा नंबर लागला होता. कुंपणापलीकडून तिची आई ओरडली, "दादा, पोरीला सांभाळा हं!" धोंडूचा हात थांबला. फडक्यावर धुळीचा कणही नव्हता. त्याने खिडकीतून हात घालून विमानाची चावी काढली. मुलीकडे बघायचं टाळून तो म्हणाला, "सायेब, काच पयल्यापासून साफ आसा. तुमकाच दिसणा नाय."